लोकसंख्या ३,१२१, अधिक आम्ही दोघी

पन्हाळ्याहून घरी पोचल्यापासून खोली ठरवायच्या ॲपने चारदा विचारलं, मुक्काम कसा झाला? पाच चांदण्या ठोकून मोकळं व्हावं, तर खाली रकाने निघाले: स्वच्छता, जेवण, यजमान, पैशाचा मोबदला, ठिकाण. पहिले चार चहा गार व्हायच्या आत भरले. ‘ठिकाण’पाशी अडकले. जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेला, त्यातही भूगोलाचा तास माझा लाडका. २०११ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून हातकणंगले तालुक्यातली दारं वाजवत हिंडले. ठिकाण या शब्दाला एवढासा चौकोन मला पुरायचा नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना फक्त ‘जावं की नाही’ एवढंच हवंय त्यांच्यासाठी: जावं. बाकीच्यांनी बसावं.

मुक्कामाचं घर पन्हाळ्यावर आहे. पन्हाळ्याजवळ नव्हे, पन्हाळ्यावर. ॲपच्या नकाशातली खूण मात्र खाली बुधवार पेठेच्या वळणावर पडली आहे आणि पुढे लिहिलंय, ‘किल्ला २ किमी’. त्यावर विसंबून आम्ही दोघी, म्हणजे मी आणि माझ्या वन्सं, जुलै संपता संपता एका गुरुवारी दुपारी भर पावसात एसटीतून तिथेच उतरलो. एका हातात छत्री, एका हातात बॅग, समोर धुकं. त्या घरच्या मावशींना फोन लावला तर त्या म्हणाल्या, “तितं कशाला उतरलासा? आमी किल्ल्यातच ऱ्हातोय की ओ.”

हे वाक्य मी नंतर चार दिवस मनात घोळवत होते. किल्ला म्हटलं की बघून परत यायचं असतं, ही आपली समजूत. तिथे कुणाचं तरी धुणं वाळत असतं, कुणाची पोरं शाळेला उशीर झाला म्हणून पळत असतात, हे ॲपवाल्यांच्याच काय, गडावर येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात नसतं. त्या घराखाली ज्या जुन्या प्रतिक्रिया आहेत त्यात एकाने लिहिलंय, ‘लोकेशन ठीक, पण आजूबाजूला वस्ती आहे.’ अहो, वस्तीच आहे ती. गड तिच्या आजूबाजूला आहे.

वडापची जीप मिळाली, वर पोचलो. रस्ता ओळखीचा. कोल्हापुरातून पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडायचा, केर्लीला जोतिबाचा फाटा उजवीकडे सोडायचा, रत्नागिरीच्या रस्त्याने वाघबीळपर्यंत यायचं आणि तिथून मुख्य रस्ता सोडून वर चढायचं. जेमतेम वीस किलोमीटर. पण पावसाळ्यात निघायच्या आधी रेडेडोहाची, म्हणजे पुराचं पाणी फुटून रस्त्यावर येतं त्या जागेची, चौकशी करा. पंचगंगा चढली आणि रेडेडोह फुटला की केर्लीच्या अलीकडेच रस्ता पाण्याखाली जातो आणि तुम्ही अलीकडे तरी अडकता नाहीतर पलीकडे तरी. २०२१ च्या जुलैत तर वरचा, गडाच्या तोंडाशी असलेला रस्ताच खचला होता. गडाला गाडीची मुख्य वाट तेवढी एकच. त्या दिवसांत वर राहणाऱ्यांना वेढा म्हणजे काय ते इतिहासाच्या पुस्तकाशिवाय कळलं असेल.

आता खोली. माडीवर आहे, जिना लाकडी आणि खडा, माझ्या गुडघ्यांनी त्याला चांदणी दिलेली नाही. दोन लोखंडी पलंग, स्वच्छ चादरी, जाडजूड सोलापुरी चादर पांघरायला. ती लागते. जुलैमध्ये रात्री पंख्याकडे बघावंसंही वाटलं नाही. भोवतालच्या सपाटीपेक्षा गड सुमारे चारशे मीटर उंच. कोल्हापुरात छत्री पुरते, इथे ढग खिडकीतून आत येतो. धुतलेला रुमाल चार दिवसांत वाळला नाही. वरचं छप्पर पत्र्याचं, त्यावर पाऊस असा वाजतो की वन्संचं घोरणं पहिल्यांदाच ऐकू आलं नाही. न्हाणीघर खाली, परसात. रात्री उठायची सवय असेल तर बॅटरी उशाशी ठेवा. गरम पाणी बंबातलं, भरपूर, पण सकाळी नऊच्या आत. वरच्या टाकीतलं पाणी दुपारी संपतं आणि मग संध्याकाळपर्यंत बादलीवर भागवावं लागतं. मच्छरदाणी नाही. विचारल्यावर अगरबत्ती दिली.

न्हाणीघर आत का नाही, असं मी विचारलंच. मास्तरकीची खोड. मावशींच्या मुलाने उत्तर दिलं ते नीट ऐकण्यासारखं होतं. घराच्या जवळच एक संरक्षित वास्तू आहे. कायद्याने अशा वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीने. शहरातल्या माणसाला शंभर मीटर म्हणजे काहीच वाटत नाही. पण पट्टी घेऊन पन्हाळ्याच्या नकाशावर बसा. तीन दरवाजा, अंधार बाव, अंबरखाना, सज्जा कोठी, वाघ दरवाजा. एकेकाभोवती वर्तुळ काढत गेलात तर गावाला श्वास घ्यायला किती जागा उरते ते दिसेल. म्हणजे न्हाणीघर परसात आहे ते आळसाने नव्हे. स्वच्छतेच्या रकान्यात मी त्याचे गुण कापले नाहीत. अंतराचे कापले, अर्धी चांदणी.

भिंती जांभ्याच्या आहेत. खालचे दोन-तीन थर उघडे, वर गिलावा. सह्याद्रीतून पूर्वेला एक डोंगराची सोंड निघते, तिच्यावर आधी मसाईचं पठार, मग पन्हाळा, मग पलीकडे जोतिबाचा डोंगर. खाली काळा बेसॉल्ट आणि माथ्यावर तांबड्या जांभ्याची टोपी. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पिऊन घेतो आणि खाली काळ्या दगडाशी अडलं की झऱ्यातून सोडतो. डोंगराच्या माथ्यावर नागझरीसारखं बारमाही पाणी असतं ते या टोपीमुळे, आणि पाणी होतं म्हणून शिलाहारांपासून आदिलशाहीपर्यंत सगळ्यांना हा गड हवा होता. पांढऱ्या सलवारी मात्र आणू नका. वन्संची एक कायमची तांबूस झाली.

खिडकीतून उत्तरेला धुक्याच्या फटीतून वारणेचं खोरं दिसतं, परसाच्या अंगाने गेलं की दक्षिणेला कासारीचं. म्हणजे गडाच्या एका अंगाला पडलेला पाऊस वारणेत जाणार आणि दुसऱ्या अंगाला पडलेला कासारीतून पंचगंगेत. दोन्ही शेवटी कृष्णेलाच मिळतात. एक हरिपूरला, एक नरसोबाच्या वाडीला. पोरांना हे फळ्यावर तीस वेळा काढून दाखवलं असेल. जलविभाजक. इथे पहिल्यांदा त्यावर झोपले.

जेवणाबद्दल हात आखडता घेणार नाही. गडावर झुणका-भाकरीच्या टपऱ्या पावलोपावली आहेत आणि बऱ्याच ठिकाणी झुणका म्हणजे पिवळा लगदा असतो. मावशींचा झुणका मोकळा, कांदा भरपूर, फोडणीला लसूण ठेचलेला, आणि कढईला लागलेली खरपूड वेगळी काढून वाढतात. ती मागावी लागत नाही, तुम्ही कुठल्या जातीचे खाणारे ते त्या पहिल्याच घासात ओळखतात. भाकरी नाचणीची किंवा ज्वारीची, सांगाल ती. खर्डा तव्यावरच दाण्यांबरोबर रगडलेला. तो मी पहिल्या दिवशी भाजीसारखा घेतला आणि मग पंधरा मिनिटं कुणाशी बोलले नाही. दही मडक्यात विरजलेलं, वरची साय अंगठ्याएवढी जाड. आमटी साधी. भात खालच्या शिवारातला, जरासा चिकट, गरम असतानाच खावा. श्रावण असल्यामुळे तांबडा-पांढरा रस्सा झाला नाही, तेव्हा त्यावर मत देत नाही. शेजारच्या खोलीत शनिवारी आलेली पुण्याची पोरं त्यासाठी रुसली होती आणि मावशींनी त्यांना, “श्रावण सरला की या,” एवढ्यावर गप्प केलं.

मावशी सत्तरीच्या. बोलताना “मी भाकरी टाकतो”, “मी जाऊन येतो” म्हणतात. आमच्या भागात बायका असंच बोलतात. मी शाळेत असताना पोरींच्या वह्यांतून ते लाल शाईने दुरुस्त करत आले आणि घरी स्वतः तसंच बोलत आले. यजमान या रकान्यात पाच. सहा असते तर सहा.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पाऊस जरा थांबल्यावर आम्ही फिरायला निघालो. वन्संना सज्जा कोठी बघायची होती, संभाजीराजे तिथे राहिले होते म्हणून. मला बघायची होती कचेरी. हसू नका. पन्हाळा हे तालुक्याचं ठिकाण आहे. तहसील, पंचायत समिती, कोर्ट, सगळं डोंगराच्या माथ्यावर. तालुक्याची लोकसंख्या २०११ ला दोन लाख साठ हजारांच्या आसपास. त्या सगळ्यांचे सात-बारा, दाखले, वाद आणि वारसनोंदी या उंचवट्यावर चढून येतात. खुद्द गडावर राहणारी माणसं किती? ३,१२१. तालुक्यातल्या शंभरांत एक-सव्वा. खाली कोडोलीसारखं एकेक गाव गडापेक्षा कितीतरी पटींनी मोठं आहे. तीन हजारांच्या वस्तीला एरवी ग्रामपंचायत असते, आणि तीही फार मोठी नसते. इथे नगरपरिषद आहे, कारण हे गिरिस्थान. शाळेत मी शिकवायचे की शहर म्हणजे दाट, मोठी, शेती सोडून इतर व्यवसाय करणारी वस्ती. पन्हाळा तिसरी अट तेवढी पाळतो.

कचेरीच्या बाहेर झेरॉक्सची दुकानं, अर्ज लिहून देणारे, चहाचा गाडा. बाजार भोगाव, कळे अशा लांबच्या गावांतून आलेली माणसं पायरीवर भिजल्या छत्र्या टेकून बसलेली. एक आजोबा वारस नोंदीसाठी तिसऱ्यांदा आले होते. त्यांना विचारलं, गड बघितला का कधी? म्हणाले, “कचेरीपत्तोर बघितलाय.” पाच वाजता वडाप भरभरून खाली गेले आणि गाव एकदम आपल्या आकाराचं झालं. संध्याकाळी मंगळवार पेठेकडून येताना रस्त्यावर आम्ही दोघी, एक कुत्रं आणि लांबून येणारा टीव्हीचा आवाज. या वेळेसाठी तरी इथे मुक्काम करावा. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांना पन्हाळा कधी भेटतच नाही.

रात्री जेवताना मावशींना मी सांगितलं की मी जनगणना केलेली आहे. झालं, त्यांनी ताटं बाजूला सारून शिधापत्रिकाच आणली. तीवर सात नावं. घरात माणसं चार: मावशी, धाकटा मुलगा, सून, नात. थोरला, त्याची बायको आणि मुलगा चाकणला; तो कंपनीत आहे, नऊ वर्षं झाली. “मग बाई, आमचा थोरला कुटं धरायचा?”

हा प्रश्न मला २०११ च्या फेब्रुवारीत निम्म्या घरांनी विचारला होता. उत्तर तेव्हा पाठ होतं: जो जिथे राहतो तिथे त्याची गणना, शिधापत्रिका कुठलीही असो. घराचं प्रेम आणि मतदार यादी यांना त्यात जागा नाही. मावशींना ते पटलं नाही. “दिवाळीला आन् जोतिबाच्या यात्रेला येतोय की.” मी म्हटलं, दिवाळीला येतो तो पाहुणा, त्याला त्या घरात धरत नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत, भाकरीचं पीठ मळायला लागल्या. मला वाटलं जरा जास्तच नियमाने बोलले. पुढची जनगणना २०२७ ला आहे, १ मार्चची मध्यरात्र धरून. त्यात त्या घराच्या रकान्यात चार लिहिलं जाईल, आणि चाकणच्या कुठल्या तरी चाळीच्या रकान्यात तीन.

२००१ मध्ये गडावर ३,४५० माणसं होती, २०११ ला ३,१२१. दहा वर्षांत ३२९ कमी, आणि त्याच दहा वर्षांत कोल्हापूर जिल्हा साडेतीन लाखांनी वाढला. हा आकडा मला बरेच दिवस खटकत होता. गडावर गेलं की हॉटेलं वाढलेली दिसतात, गाड्या वाढलेल्या दिसतात, मग माणसं कमी कशी? त्या ताटाशी बसून कळलं. वाढलंय ते येऊन जाणं. राहायला जागा नाही, बांधायला परवानगी नाही, कचेरी सोडली तर पगाराची नोकरी नाही, आणि पर्यटकांवर चालणारं पोट शनिवार-रविवार सोडून पाच दिवस रिकामं. पोरं खाली उतरतात. नवं काही नाही म्हणा त्यात. मोरोपंत १७२९ मध्ये इथेच जन्मले, आर्या लिहून नाव काढलं ते बारामतीत. करवीरच्या गादीनेच १७८२ मध्ये राजधानी इथून कोल्हापुरात हलवली, तिथे मावशींच्या थोरल्याला कोण बोल लावणार.

शनिवारी अंबरखान्यात गेलो. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं दिलेली धान्याची कोठारं. गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. आत काळोख, गारवा, वरून ठिबकणारं पाणी. माणूस भिंतीची जाडी बघतो. मी मनात भागाकार करत होते, एवढं धान्य किती तोंडांना किती महिने. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा मार्चमध्ये पडला आणि महाराज जुलैच्या पावसात निसटले, म्हणजे चार महिन्यांच्या वर. पण खाणारी तोंडं किती होती? गणती कुणी ठेवली नाही, किंवा ठेवली असली तरी मला कुठल्या पुस्तकात भेटली नाही. शिबंदीची, घोड्यांची, तोफांची वर्णनं मिळतात. दळणाऱ्या बायका किती होत्या हे कोण लिहितो. वन्सं म्हणाल्या, वहिनी, चला आता, इथं पाय घसरतोय.

त्या दिवशी वन्संचा उपास होता. मावशींनी न सांगता साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी बिलात येणार आहे.

आणि मग रविवार. रविवारबद्दल जे जे लिहून ठेवलंय लोकांनी, ते खरं आहे. सकाळी नऊपासून नाक्यावर प्रवासी कराच्या पावतीसाठी गाड्यांची रांग, तिथून आत बाजीप्रभूंच्या पुतळ्यापर्यंत हॉर्न. मी खिडकीत बसून गाड्या मोजायला घेतल्या, चाळिशीपर्यंत मोजल्या आणि सोडून दिल्या. धुक्यात भाजलेल्या कणसांचा धूर, ओरडणारी पोरं, तटावर चढून सेल्फी. मावशींची सून दारात पाटावर बसून कणसं विकत होती आणि नात शेजारी गृहपाठ करत होती. दर दहा मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, “इथून किल्ला किती लांब?” आणि ती पोर मान वर न करता म्हणायची, “हितंच.” आठवड्याची कमाई दीड दिवसात करायची असते, त्यामुळे त्या घरात रविवारी तुमच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. चहा अकराला मिळाला. दुपारचं जेवण तीनला, आणि झुणका त्या दिवशी घाईचा होता, कांदा कच्चट. जेवणाच्या रकान्यात पाचाचे साडेचार झाले ते या झुणक्यामुळे.

या वेळी गर्दीला एक नवं निमित्तही होतं. त्याच्या तीनच आठवडे आधी, ११ जुलै २०२५ ला, युनेस्कोने बारा मराठा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घातले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात पन्हाळा आहे. गावात अभिनंदनाचे फलक लागलेले, आणि घरात धास्ती. मावशींच्या मुलाने मला एकांतात विचारलं, “बाई, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या, आता आम्हाला खाली उतरा म्हणतील काय?” मी म्हटलं, मला तसं कुठे वाचल्याचं आठवत नाही. त्याचं समाधान झालं नाही, माझंही नाही. यादीतल्या बाकीच्या किल्ल्यांवर बहुतेक ठिकाणी दिवस मावळला की रखवालदार उरतो. सिंधुदुर्गात काही घरं आहेत. पण पोलीस ठाणं, बाजार, शाळा, नळाचं भांडण आणि नगरपरिषदेची निवडणूक असलेला गड हा एकच असावा. माझ्या मते वारसा म्हणून जे काही जपायचं त्यात तटाच्या जोडीला ही ३,१२१ माणसंही येतात, पण मला कोण विचारतंय. ॲप विचारतंय, तर त्याला सांगते आहे.

सोमवारी सकाळी हिशेब. बिल दिनदर्शिकेच्या फाटलेल्या पानाच्या मागे. खोली रोजची ११०० प्रमाणे चार रात्रींची ४,४००. जेवणाचं ताट १४० रुपये, तेरा ताटं, १,८२०. एकूण ६,२२०. चहा, न्याहारी, बंबाची लाकडं यांचा उल्लेख नाही. मी वहीत टिपलेली ताटं चौदा होती. प्रगणकाची मोजणी चुकत नाही. मी तसं म्हटलं. मावशी म्हणाल्या, “उपासाचं ताट कुटं धरत्यात व्हय?” मी वाद घातला, एकशे चाळीस जास्तीचे पुढे केले, त्यांनी ते नातीच्या हातात दिले आणि नातीने ते वन्संच्या पिशवीत परत टाकले, हे आम्हाला कोल्हापूरच्या स्टँडवर कळलं.

पैशाचा मोबदला, पाच. स्वच्छता साडेचार. ठिकाण: घराला पाच, नकाशातल्या खुणेला शून्य, ॲप एका रकान्यात दोन उत्तरं घेत नाही म्हणून पाच दाबलं.

जायचं तर मंगळवार ते गुरुवार जा. एसटीने गेलात तर बुधवार पेठेला उतरू नका, गडावरच्या थांब्यापर्यंत बसून राहा. नाचणीची भाकरी हवी असेल तर मावशींना सकाळी सांगितलं तरी चालतं. दह्याचं मात्र आदल्या रात्री जेवतानाच सांगून ठेवा, मडकं एकच आहे.